नावावरचा ठिपका

आईनं ठेवलेलं नाव सुंदरम.
पासष्ट साली कॉलेजातून परतला तो एळिलन होऊन.
अर्थ तोच, म्हणाला, पण आपल्या मातीतला.
आई मरेपर्यंत दारातून हाक मारायची :
सुंदरा, जेवायला ये रे.
आणि तो यायचा, मान खाली घालून,
नव्या नावासकट.

त्याच साली एका रात्री कीळपनैयूर स्टेशनात
तो शिडी धरून खाली, मी डांबर घेऊन वर.
नागरी अक्षरांच्या डोक्यावरची सरळ रेघ
बुजवायला सगळ्यात अवघड गेली.
मी रंगाऱ्याचा पोर. हात अडला माझा.
सुबक होती पाटी, कुणीतरी मन लावून काढलेली.
हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग पन्नास वर्षं त्याचं नाव लिहीत आलो,
चहाच्या टपरीमागं, भाताच्या गिरणीवर,
समोरच्या पक्षाची माणसं उठायच्या आत.
चार अक्षरं. शेवटच्यावर एक ठिपका.
आम्ही पुळ्ळी म्हणतो. ती पडली की अक्षर मिटतं.
तेवढी मी ठेवायचो.
तो यायचा सायकलवरून,
पुढं जीपमधून, पुढं लाल दिव्याच्या गाडीतून,
बोट रंगात बुडवून टेकवायचा :
आता झालो मी.

वेष्टीचा काठ तीनदा बदलला त्यानं.
मला काय, रंगाचा डबा बदलायचा.
खालची ओळ दर वेळी तीच :
कण्मायीत पाणी आणीन.
कण्माय म्हणजे आमचं तळं. म्हणजे भेगा.
सहाव्यांदा विचारलं, ही ओळ जुनीच राहू दे का,
नुसता हात फिरवतो?
हसला.
मग बराच वेळ हसला नाही.

मंत्री होता अकरा महिने, हातमागाचा.
बापाच्या छातीवर ताडाच्या सालीचे घट्टे होते,
त्या ताड चढणाऱ्यांच्या वस्तीपर्यंत
डांबरी रस्ता त्यानंच नेला.
बाकी जे कुठं कुठं नेलं
त्याचा खटला मदुरैत नऊ वर्षं चालला.
मला विचाराल तर अर्धं खरं असणार.
अर्धं म्हणजे काही कमी नाही.

मग फ्लेक्स आले.
एका रात्रीत बावीस फुटी एळिलन, गाल गुलाबी,
पुळ्ळी मशीनच टाकायचं.
मी घरांना चुना लावू लागलो.

शेवटची निवडणूक अपक्ष. चिन्ह शिवणयंत्र.
भर दुपारी दारात उभा, एकटा, बसनं आलेला.
भिंती उरल्यात का रे एखाद्या?
एक आहे, म्हटलं, मसणवाटेवरची,
तिथं कुणी जागा धरत नाही.
शिवणयंत्र काही जमलं नाही मला,
बसलेल्या उंटासारखं झालं.
अकराशे बेचाळीस मतं.
पुळ्ळी द्यायला तो आलाच नाही. गुडघे.

मासी महिन्यात गेला.
तिन्ही पक्षांचे झेंडे होते अंगावर,
वरचा कुठला, यावरून जरा बाचाबाचीही झाली.
नेलं त्याच भिंतीवरून.
मी कडेला डबी घेऊन उभा.
बोट बुडवलंसुद्धा.

पण पुळ्ळी नसली की ते अक्षर मिटत नाही,
तोंड उघडंच राहतं त्याचं,
पुढं काही म्हणायचं असल्यासारखं.

बोट लुंगीला पुसलं.
पलीकडं कण्मायीत शेळ्या चरत होत्या.