तांब्याला उशिरा कळतं

अंबडच्या शेडमधून मी तांब्याचा एक तुकडा घरी आणला,
नखाएवढा. मधोमध भोक,
केस जेमतेम जाईल असं.
अप्पांनी तो दुकानाच्या दारात उजेडात धरला,
चाळीस वर्षं हातोडीतून वाचलेला अंगठा
कडेवरून फिरवला.
काळं नाही. खरखर नाही.
‘कुणी मारलं?’
उजेडानं.
‘आवाज?’
नाही झाला.
‘मग याला कळलं कसं, मार बसला ते?’

तांबट आळीत सगळ्यांनाच कमी ऐकू येतं.
मी ओरडून सांगितलं:
आधी इलेक्ट्रॉनांना कळतं, अप्पा.
हलकी जात, क्षणात हजारो अंशांवर.
आणि आयन आपापल्या जागी गार,
डिसेंबरात पहाटे रामकुंडाच्या पायऱ्या असतात तसे.
इलेक्ट्रॉन धडकत राहतात,
पण हत्तीवर फुटाणे फेकून हत्ती किती हलणार?
तेवढा वेळ एकाच पत्र्यात दोन तापमानं.
ज्यानं पेटवलं, तो किरण तर
केव्हाच विझलेला.
निकेल पटकन देऊन टाकतं.
तांबं हात राखून देतं.

‘ते मला माहीत आहे,’ अप्पा म्हणाले.

आणि आयनांना कळतं, तेव्हा ते निघूनच जातात,
शेजाऱ्यांना सांगायलाही थांबत नाहीत.
म्हणून कड अशी स्वच्छ.

यावर अप्पा काही बोलले नाहीत.

सिव्हिलमधून पद्माकरचं कळलं त्या दुपारी
मी अनवाणी द्वारकेपर्यंत धावले होते.
अप्पांनी घागरीचा गळा पुरा केला,
हातोड्या पुसून ओळीनं लावल्या,
मग शटर ओढलं.
दगड आहे, म्हणाली आळी.
अकरा महिन्यांनी सिन्नरची एक बाई
कल्हईला जुनं पातेलं घेऊन आली.
बुडाशी ठोके डावीकडे कललेले,
डावखुऱ्याचे, घाईचे.
अप्पांनी पातेल्यात हात घातला
आणि बाईला म्हणाले, उद्या या.
उद्याही म्हणाले, उद्या या.

आता ते तुकडा मोडीच्या डब्यात टाकत नाहीत,
भोकातून रस्ता बघतात.
‘किती वेळ लागतो म्हणालीस?’
सेकंदाचे लाख कोटी भाग करायचे, अप्पा.
त्यातले आठ-दहा.

‘बराच की,’ अप्पा म्हणाले.