दोन मिलिमीटर

मिरजेत माझ्याबरोबर शिकलेले सगळे
डोळ्याच्या आत गेले,
कुणी भिंगाकडे, कुणी पार मागच्या पडद्यापर्यंत.
मी एकतीस वर्षं उंबऱ्यावरच राहिले
बिजागऱ्या बसवत.

वेंगुर्ल्यात अजूनही लोक विचारतात,
मोतीबिंदूचे किती घेता, बाई?
मोतीबिंदू नाही हो, पापणी.
पापणी? म्हणत ते माझ्याकडे बघतात,
त्यांची लवते,
आणि लवली हे त्यांना कळत नाही.

द्वारका पालवला कळायचं.
काजूच्या कारखान्यात तापल्या टरफलाचं तेल उडालं,
कातडी आखडत गेली, पापणी वर चढली ती चढलीच,
पडदा खिळ्याला अडकून राहावा तशी.
"रातीचो डोळो लागना नाय," म्हणाली,
"आणि लागलो, तरी उघडोच रवता."
तिला मी कानामागची कातडी लावली, नखाएवढी.
उन्हात तो तुकडा जरा वेगळा दिसतो.
नवरा म्हणे निजताना थट्टेनं विचारतो,
कान मिटलंस काय गो?

पास्कू आल्मेडाचं तसं नव्हतं.
वरच्या पापणीवरच्या गाठीला रांजणवाडी समजून
दोन वर्षं त्यानं लवंग उगाळून लावली होती.
गाठीवरचे केस गळलेले,
ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला.
सगळी पापणी काढली.
खालच्या पापणीकडून उसनं मागितलं,
मध्ये कानाची कूर्चा घातली, बोटावर वाकवून बघून,
आणि डोळा शिवून टाकला.

दीड महिना तो एका डोळ्यानं जाळं तुणत बसला.
"माशाक खंय आसता पापणी," मला म्हणाला,
"तरी तो निजताच मा."

फट कापली त्या दिवशी
त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.
खिडकीबाहेर बघून म्हणाला, भरती लागली.
मी वहीत लिहिलं: मिटते. निकाल समाधानकारक.

मग दर वर्षी तपासणीला यायचा,
पिशवीत एखादी सुरमई, वर्तमानपत्रात बांधलेली.
मिटा, म्हटलं की मिटायचा.
बरां आसा, म्हणायचा.

नवव्या वर्षी पहाटे फिलूचा फोन आला.
"बाबा गेले. एक डोळो मिटलो.
तुमचो मिटना नाय."

तुमचो.

उभादांड्याला पोचले तेव्हा
माझ्या पायात थिएटरमधल्याच चपला होत्या.
बायका तेर्स म्हणत होत्या, न थांबता सरकल्या.
उजवा डोळा बंद, निवांत.
डाव्याच्या फटीतून पांढरं दिसत होतं,
कोवळ्या शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखं.
जवळ पट्टी नव्हती, पण माझ्या नजरेला लागत नाही पट्टी.
दोन मिलिमीटर.

म्हणजे नऊ वर्षं
तो जोर लावून मिटत होता.
मी समोर बसलेली असताना तर जास्तच.
आणि रात्री? रात्री काय करत असेल?
रुमाल बांधत असेल. किंवा नसेल बांधत.
समुद्रावर खारा वारा, आणि हा फट उघडी टाकून झोपलेला,
माशासारखा.

मी ओला कापूस ठेवला,
अंगठ्यानं दाबून धरला.
फिलूनं माझ्याशेजारी चहा आणून ठेवला
त्यावर साय धरली.
तेर्स संपला, पुन्हा सुरू झाला.
अंगठा उचलला तेव्हा
पापणी जागची हलली नाही.
कुणी काही बोललं नाही. फिलूनं फक्त
थंड चहा उचलून नेला, दुसरा आणला.

घरी येऊन जुनी वही काढली.
समाधानकारक हा शब्द खोडावासा वाटला,
खोडला नाही. त्याच्यापुढे आकडा लिहिला,
तारीख घातली.

सोमवारी निवतीचा एक पोरगा येतोय, बारा वर्षांचा,
पापणीत गरी घुसली होती, कुणीतरी ओढून काढली.
कातडी या वेळी
जरा सैल ठेवीन.