तिमाही अहवालाच्या समासात

खर्च आधी.
स्नोमोबिलसाठी पेट्रोल, कारण यंदा तळं उशिरा गोठलं
आणि निम्मी मुलं पलीकडच्या काठाला राहतात.
चहा, साखर, पीठ. मूसचं मांस.
(मांस जार्विसच्या मामानं दिलं. पावती मागितली
तर त्याला हसूच आवरेना.)

सहभागी: अकरा. वय सोळा ते एकवीस.
पहिल्या बैठकीला चौदा आले होते.
तिघं संमतीपत्राची सहा पानं पाहून
अंगातले कोटही न काढता माघारी फिरले.
मी अडवलं नाही. मीही इथलीच.
शाळेत असताना माझ्या दंडाचा घेर
कुणीतरी मोजून नेला होता दक्षिणेला,
तो आकडा अजून परत यायचाय.

प्रश्नावली बाहेरून आली. पारखलेली, चार ठिकाणी वापरलेली.
प्रश्न सातवा: गेल्या बारा महिन्यांत
तुमच्यावर किती वेळा हात उगारला गेला?
शून्य. एक ते तीन. चार ते दहा. त्याहून अधिक.

डेल्फिननं पेन खाली ठेवलं.
"यात दार कुठंय?"
मला कळेना.
"हात उगारला की मी दाराकडे बघते.
बाहेर उणे तीस. मग कुठं जाते?
ते नाही विचारत कुणी.
तुम्हाला नुसतं मोजायचंय."

हीटर घरघरत राहिला.
जार्विस टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात.
तोही उगारतो, हे गावाला ठाऊक आहे.
त्याला या कामात घ्यावं का, यावर
थोरामोठ्यांचा दोन रात्री वाद झाला,
इझीडोर शेवटी एवढंच म्हणाला,
बाहेर ठेवलात तर तो बाहेरच राहील.

मग प्रश्नावलीच्या कोऱ्या पाठीवर
त्यांनी गाव काढलं. एकशे बारा घरं, चर्च, दुकान, धक्का.
आणि स्वतःचा प्रश्न लिहिला:
रात्री दोनला कुणाचं दार वाजवशील?

दवाखान्यावर खूण नाही. पोलीसचौकीवर कशी असेल,
ती नव्वद किलोमीटर लांब.
सात खुणा अ‍ॅग्नेसच्या घरावर,
त्या अ‍ॅग्नेसच्या, जी पोस्टाच्या खिडकीत बसून
प्रत्येक पाकिटावर खेकसते.
विचारायला गेलो तर म्हणाली,
"येतात, झोपतात, सकाळी जातात.
त्यात लिहून काय घ्यायचंय?"
वर आम्हालाच सुनावलं,
पायऱ्यांवरचा दिवा गेलाय महिनाभर,
एवढं फिरता गावभर, दिसत नाही?

जार्विसची खूण सगळ्यांत शेवटी.
घरावर नाही. तळ्यावर, मासे धरायच्या खोपटावर.
"मी इथं जातो," म्हणाला. "उगारायच्या आधी. जमलं तर."
"किती वेळा जमतं?" डेल्फिननं विचारलं.
"तू पण मोजणार?"
हशा पिकला. तोही हसला,
मग टोपी मागे सारून म्हणाला, "मोज."

आपलं पत्र मिळालं, की मूळ नकाशा
स्कॅन करून सर्व्हरवर चढवावा.
तो पोस्टातल्या तिजोरीत आहे. किल्ली अ‍ॅग्नेसकडे.
मुलांनी मतदान घेतलं: नऊ विरुद्ध दोन.
आपणास बघायचा असल्यास यावं,
विमान मंगळवारी असतं, वारा नसेल तर.

सोबत एका बल्बची पावती.
शिडी जार्विसनं धरली होती. रकाना सापडला नाही,
म्हणून 'संशोधन साहित्य' लिहिलंय.

गेल्या बैठकीला डेल्फिन आली नाही.
तिच्या नावापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही.
रात्री उशिरा तिकडून चक्कर मारली.
अ‍ॅग्नेसच्या पायऱ्यांवर उजेड होता,
आणि दारापर्यंत पावलं, आत गेलेली.
कुणाची, ते ताज्या बर्फानं
अर्धं बुजवून टाकलं होतं.