नेश

बेल्परच्या दवाखान्यात माझी खोली सगळ्यात गार.
भिंतींना आवाज शोषणारा फोम, ऊब धरणारं काही नाही.
एप्रिल सरत आला तरी माझ्या अंगात दोन स्वेटर.
हॉरेस स्पेंडलव्ह आत आले, टोपी मांडीवर ठेवली,
मला वरून खाली न्याहाळून म्हणाले,
'नेश आहेस गं, डक.'

डक म्हणजे बदक. इथे सगळ्यांनाच म्हणतात,
पोस्टमनला, बँकेतल्या बाईला; त्याचं काही नाही.
अडखळले ते पहिल्या शब्दाला.
मला ऐकू आलं: नेस.
सांगलीची मावशी दाराबाहेरून ओरडायची तसं,
नेस गं लवकर, माणसं आली.

लायब्ररीतल्या जाड कोशात तो सापडला,
विशेषण, बोलीतलं, हजार वर्षांचं.
पूर्वी त्याच्यापुढे एक ह होता,
म्हणायला आधी फुंकर लागत असणार.
तो कधीतरी गळून पडला, कुणी शोधला नाही.
अर्थ: मऊ. कोवळं.
एवढंच. वाईट काहीच नव्हतं त्यात.
मग कुणीतरी तो कुडकुडणाऱ्याला चिकटवला
आणि मऊ असणं ही खोड झाली.

वापर मला रिसेप्शनवरच्या ग्लेनिसने शिकवला.
कोट घालून खेळायला येणारा पोरगा नेश.
समुद्रात घोट्यापर्यंतच जाणारा तिचा नवरा, तो तर फारच.
मराठीत काय म्हणू? नाजूक म्हटलं तर कौतुक होतं,
लेचापेचा म्हटलं तर थंडीच निघून जाते.
गारठ्याला भिणारी माणसं आपल्याकडेही आहेत,
त्यांना मफलर देतात, नाव देत नाहीत.

स्पेंडलव्हांच्या कानांचा आलेख
उजवीकडे कड्यासारखा कोसळलेला.
चाळीस वर्षं चुनखडीच्या खाणीत, सुरुंगाशेजारी.
अशा कानांतून आधी बारीक आवाज जातात:
स, श, चिमण्या, किटलीची शिट्टी.
तोंडासमोर कागद धरून मी शब्द म्हणत गेले,
ते परत म्हणत गेले.
यादीत नव्हता, तरी मध्येच म्हटला.
'ने,' ते म्हणाले. 'ने काय?'
ह पुढून गेलेला, श मागून.
उरलं ते मराठीच उरलं.
ने. घेऊन जा.

जूनमध्ये यंत्रं बसवली. पुन्हा कागद धरला.
नेश.
ते दचकले.
'परत म्हण.'
नेश.
'परत.'

टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले.
मेव्हिस रात्री म्हणायची, खिडकी लाव.
बावन्न वर्षं. आणि हे दर वेळी
हाच एक शब्द तिच्या अंगावर टाकायचे,
लाडानेच, त्यांच्या हिशेबाने.
'शेवटाला चरकन भाजतं की,' ते म्हणाले.
'तिला असं ऐकू जायचं होय.'

मी बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं,
दर आठवड्याला, हे झाकण असं उघडायचं.
त्यांनी दोनदा करून पाहिलं. जमलं.
या खोलीला खिडकी आहे,
वारा छान येत होता, जूनचा.
जाता जाता त्यांनी ती लावून घेतली.