शत्रू क्रमांक सात

गोत्री रोडवर, चौथ्या मजल्यावर
मी कातडी रंगवते.
आई विचारणाऱ्यांना सांगते, कॉम्प्युटरमध्ये आहे.
दांडिया बाजारात तेवढं पुरतं.

गेम बनतो तिकडे कुठे कॅनडात.
आमच्याकडे येतात उरलेली माणसं:
बाजारातली गर्दी, पहारेकरी, हमाल,
आणि शत्रू, एक ते नऊ.
नायक त्यांच्याकडेच असतो. त्याचं रंध्रन् रंध्र,
हनुवटीवरचा व्रण,
मेलेल्या बायकोचं नावसुद्धा
आधीच ठरलेलं.

रंगांची पट्टी डावीकडून सुरू होते.
पहिल्या खणाचं नाव ‘मूळ’.
पुढे नुसते आकडे.
माझ्या स्थळाच्या कागदावर मामीने लिहिलं होतं निमगोरी.
आईने खोडून गव्हाळ केलं,
खोटं नको, म्हणाली, सोबत फोटो आहेच.
म्हणजे मी पट्टीवर साडेचार.
साडेचारला खण नाही.

सातव्याचं वर्णन आलं दीड ओळीत:
काळा, धिप्पाड, गोदामात उभा.
बोलत नाही.

रंगवला.
इंजिनातला सूर्य त्याच्यावर पडला
आणि चेहरा गेला.
दात उरले, डोळे उरले.
रंग चुकला नव्हता,
दिवाच बसवला होता
दुसऱ्या कुणाच्या गालाकडे बघून.

टेस्टिंगला अल्ताफ मजगुल बसतो.
तालाळ्याकडचा सिद्दी. किती पिढ्या झाल्या
ते त्याच्या आजोबांनाही मोजता येत नव्हतं.
स्टेशनवर रिक्षावाले त्याला इंग्रजीत भाडं सांगतात, दुप्पट.
हा गुजरातीत विचारतो, काका, गाम कयुं?
मग काका मीटर टाकतात
आणि अलकापुरीपर्यंत आरशातून बघत राहतात.

त्याला म्हटलं, चल जरा.
साडेचारला सूरसागरच्या कठड्यावर
चाळीस फोटो काढले.
गालाच्या उंचवट्यावर निळं होतं,
तळ्याचं नव्हे, त्याचंच.
कानाच्या पाळीत लाल. ओठाखाली जांभूळ.
कपाळावर, घासलेल्या घंगाळावर असते तशी
तांब्याची एक तिरीप.
काळा असा कुठे सापडेचना.
‘बेन, पत्युं?’ तो म्हणाला,
‘चा ठंडी थाय छे.’

तीन रात्री बसले. पट्टीच्या बाहेर गेले.
शेवटी शर्टाच्या खिशाखाली
सेव-उसळीच्या तर्रीचा एक डाग दिला,
सोळा पिक्सेल.

उत्तर आलं: सुंदर, पण जास्त झालंय.
खेळणारा त्याच्याकडे दोन सेकंद बघेल.
साधा करा.

साधा केला.
डाग तेवढा राहिला,
कारण कुणाला दिसला नाही.

मग आठवडाभर अल्ताफ
दिवसाचे आठ तास सातव्याला गोळ्या घालत होता.
पुढून, मागून, जिन्यावरून, धावताना. कामच ते.
तक्ता भरायचा:
पडला. पडला. पडला.
डबा खाऊन येऊन, पडला.

गुरुवारी लिहिलं: पडत नाही.
गोदामाचा डावा कोपरा, पिंपाजवळ,
हात भिंतीत अडकतो आणि उभाच राहतो.
गंभीरता: कमी.

मी जाऊन पाहिलं. उभा होता.
गोळ्या आरपार जात होत्या,
मागे पत्रा वाजत होता.
अल्ताफने बंदूक खाली केली, कॅमेरा जवळ नेला,
आणखी जवळ,
खिशाखाली.

‘बेन, आ तरी छे ने?’
‘हो ने.’
‘कीर्तिस्तंभवाळी?’
‘तीच.’

तो हसला नाही.
खुर्ची थोडी पुढे ओढली.

शुक्रवारी सकाळी गेम द्यायचा होता.
सव्वासहा वाजले होते,
खाली गोत्रीचा सिग्नल तुंबलेला.
दुरुस्ती अर्ध्या तासाची.
आम्ही ती करायला
नऊ वाजवले.