दाब

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, खाली प्रिंटर, प्रिंटरखाली वीट.
एकवीस वर्षं मी लोकांचं बोलणं
कोर्टाला कळेल असं करून देतो, पानी चाळीस रुपये.
लोक म्हणतात, भाऊ बांधावर येऊ देईना.
मी लिहितो, प्रतिवादी हे सदरहू मिळकतीत
वादीचे शांततामय वहिवाटीस हरकत-अडथळा करीत आहेत.
असं म्हणालो मी?
असंच म्हणालात. इथे सही.

मॅटर रिच झालं नाही. बोर्ड डिस्चार्ज. से आला नाही.
"कोण आला नाही?" म्हणत एक आजोबा
दुपारभर गेटकडे बघत बसले होते एकदा.
मी त्यांना चहा पाजला, अर्थ नाही सांगितला.

परवा केराबाई धिंडले आली.
मार्केट यार्डात कांदा निवडते; बाहीला साल चिकटलेली.
नवरा तिथेच तोलणार होता.
नऊ वर्षांपूर्वी काट्यावर अर्धं पोतं ठेवून
तंबाखू आणायला गेला.
वकिलांच्या चिठ्ठीवर दोनच शब्द: सिव्हिल डेथ.
मला तेवढे पुरतात.
टाइप करता करता वाचून दाखवलं,
"...सबब वादीचे पती गंगाराम धोंडू धिंडले हे
मयत झाले आहेत, असे जाहीर होऊन मिळावे."

"मयत कोण?"
"कायद्यापुरतं हो, बाई."
"कायद्यापुरतं मेलेलं माणूस जेवायला आलं, तर?"

मग पदराने टेबलाची कड पुसत म्हणाली,
"आमच्यात, गाडीत जे भरलं
आणि गाळ्यावर पोचलं नाही, त्याला तूट म्हणतात.
नासका वेगळा. नासक्याला वास येतो.
मला अजून आला नाही.
तूट लिहा."

कायद्यात तूट नाही, मी म्हटलं.
बिबवेवाडीची खोली त्याच्या नावावर आहे, तुमच्या करायची असेल तर—
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "खोलीसाठीच आले."

रात्री प्रमिलाला सांगितलं.
ती कुणाचंसं ब्लाउज शिवत होती, ओठांत टाचण्या.
आतल्या खोलीतून पोरगा हिंजवडीच्या फोनवर,
"किल मार ना. आपोआप उठतंय परत."
कुणीच दचकलं नाही.
प्रमिलाने टाचण्या काढल्या.
"दाब ठेवलात का?"
"कसला?"
"अहो, आत अर्धा इंच दुमडून ठेवायचा.
वरून दिसत नाही. बाई सुटली, आटली,
उसवलं की कापड मिळतं.
दाब न ठेवता शिवतो तो शिंपी नव्हे, खाटीक."

सकाळी मयत लिहिलंच. लिहावंच लागतं.
फक्त त्याच्या आधी घातलं:
वादीचे माहिती व समजुतीप्रमाणे,
आजपावेतो.
वकिलांनी लाल पेन उचललं, "हे कशाला?"
"ढाचा आहे, साहेब."
ढाच्याला इथे कुणी हात लावत नाही.

केराबाईने अक्षराला अक्षर लावत वाचलं.
हिरव्या कागदाला कांद्याचा वास लागला.
आजपावेतो-वर बोट थांबलं.
"आणि हे काय?"
"हीच तुमची तूट," मी म्हटलं,
"आमच्यात हिला असं म्हणतात."
खरं-खोटं तिने माझ्या तोंडावर तोलून पाहिलं,
मग सही केली, धिंडलेतल्या अनुस्वारावर पेन जरा जास्तच दाबून.

आता तारखा पडताहेत.
काल तारखेला आली, ताडपत्रीखाली बसली.
"से अजून आला नाही," मी सांगितलं.
कोण, असं तिने विचारलं नाही.
गेटकडे तोंड करून बसून राहिली.
मी चहा सांगितला, दोन.