हवेचं भाडं

तिघांना फोन केले.
पहिला म्हणाला, फोटो पाठवा, फोटोवरून सांगतो.
दुसऱ्यानं काही न बघताच निम्म्या भावात
आमचं सगळं घर कर्नालला पोचवलं
आणि पाच हजार आधी मागितले.
नागरगोज्यांचं कपाट अशाच एकानं
इंदूरबाहेर आठ दिवस अडवून धरलं होतं.
वर अठरा हजार मोजले तेव्हा सुटलं,
आरसा सोडून.

तिसरा स्वतः आला. शेख मुखीद, बदनापूरचा.
खिशात टेप, कानामागं पेन,
चपला दाराबाहेर जोडीनं लावलेल्या.
त्या चपलांवरूनच माझं ठरलं होतं,
पण भाव पाडायचा म्हणून गप्प बसले.

तो मोजत गेला. आमचा संसार, घनफुटांत.
पलंग, एक. पाया हलतो.
फ्रिज. दारावर पोचा.
शिलाई मशीन, चालू आहे?
चालू आहे, म्हटलं, पण उलटी टीप घेत नाही.
त्यानं तेही लिहिलं.
एकोणीस वर्षांत आमच्या वस्तूंकडं
कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.
दोष आधीच लिहायचा, ताई,
म्हणजे उतरवताना भांडण नको.
मी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी माझ्याकडं.
मग दोघंही पंख्याकडं बघू लागलो.
(पंखा, तीन पात्यांचा. आवाज करतो.)

मोरीमागं गेला आणि थांबला.
सात ड्रम, निळे, दोनशे लिटरचे.
घागरी, कळश्या, पोरीच्या लहानपणीचा टब,
झाकणं वेगळी, दोरीत ओवलेली.
"एवढे कामून, ताई?"
आणि स्वतःच हसला. बदनापूरचा माणूस,
त्याला काय सांगायचं.

इथं नळ बाराव्या दिवशी.
रात्री दोनला आला तर दोनला.
नळ येऊन गेल्यावर या, असं
सोयऱ्यांना सांगताना आता लाजही वाटत नाही.
पोरीचा साखरपुडासुद्धा
आम्ही नळ बघून धरला, पंचांग नंतर.

"ड्रम रिकामा असो का भरलेला,
गाडीत जागा तेवढीच खातो," तो म्हणाला.
"सात ड्रम म्हणजे सत्तर घनफूट. नुसती हवा.
हवेचं भाडं आठ हजार होतंय.
तिकडं रोज पाणी येतं, सकाळ-संध्याकाळ.
मी टाकून आलोय माल. विकून टाका."

रोज.
मी बियाण्याच्या लॅबमधली बाई.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडते,
आठव्या दिवशी कोंब मोजते,
त्याच मोजणीवर कंपनीनं बढती दिली, तिकडं जा म्हणाली.
पण रोज म्हणजे किती,
ते मला तिथं उभ्या उभ्या मोजता येईना.

गॅसचं सिलिंडर नाही चालत. तेल नाही.
लोणच्याची बरणी नाही, कढीपत्त्याची कुंडी नाही.
साठावरून तो बावन्नवर आला,
मी त्रेपन्न म्हटलं, कारण चपला.

सहा ड्रम एका दुपारीच गल्लीत गेले.
कौसाबाई घुगेंनी दोन नेले आणि
पैशाचं विचारायचं विसरल्यासारखं केलं.
मीही विसरल्यासारखं केलं.

सातवा पिण्याचा. तो राहू द्या, म्हटलं,
त्यात गोधड्या भरा, मग हवा कशी?
मुखीद काही बोलला नाही. मोबाइलची बत्ती लावून
ड्रममध्ये वाकला, नेहमीसारखा, दोष बघायला.

आत ह्यांनी हेक्सा ब्लेडनं रेघा ओढल्यात.
एक रेघ एक दिवस. आज पाणी इथवर, उद्या तिथवर.
पोरगी लहान होती तेव्हा
नवव्या रेघेवर तिचं बोट पोचायचं
आणि ती वरून ओरडायची, आई, तीनच राहिले.

त्यानं बत्तीत मोजल्या. ओठ हलताना दिसले.
मग कागदावर लिहिलं:
ड्रम, एक. जुना.
आतून ओरखडे, बारा.

मी खाली सही केली.